दिवेलागणीला आवाज बंद

आमच्या घरात आजवर एकही खून धड ऐकू आलेला नाही. दिसलेत पुष्कळ. जिन्यावरून ढकलून केलेले, तोंडावर उशी दाबून केलेले, दुधात काहीबाही कालवून केलेले, सगळे प्रकार बघून झालेत. पण ऐन वेळेला टीव्ही मुका होतो. माणूस तोंड वासून पडतो, बाई किंचाळते, आणि आमच्या बैठकीत फक्त भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. कारण रिमोट सासूबाईंच्या मांडीवर पदराखाली असतो, आणि त्यांचा अंगठा आवाज बंद करायच्या बटणावर.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, आमच्याकडची रीतच आहे ती. वय ऐंशीच्या घरात, कान शाबूत, नजर शाबूत, आणि जिभेचं तर विचारूच नका. त्यांना टीव्हीचा आवाज सोसत नाही असं कुणी समजू नये. कीर्तन लावलं की अख्खी गल्ली ऐकते. भानगड वेगळीच आहे. दिवे लागायच्या वेळी घरात वाईट बोलू नये, वास्तू 'तथास्तु' म्हणते, हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. मरणाचं बोललं तर तेच खरं होतं, म्हणून त्या वेळी जिभेला आवर घालायचा. बहुतेक घरांत हे पोरांना दटावण्यापुरतं असतं. आत्याबाईंनी ते टीव्हीलाही लागू केलं.

"अहो, टीव्हीतली माणसं बोलतात ते. आपण नाही," मी एकदा समजावून पाहिलं.

"आवाज कुठं निघतो? घरातच न्हवं? वास्तूला काय म्हाईत कोण बोललं ते."

आम्ही केजला राहतो, मी जवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर विज्ञान शिकवते. ध्वनीचा धडा शिकवण्यात माझी नोकरी चाललीय. आवाज कुठून निघतो, कशातून जातो, कशावर आपटून परत येतो, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. पण आत्याबाईंच्या या प्रश्नापुढे मी गप्प बसले, आणि त्याचा मला आजही संताप येतो.

मग संध्याकाळी टीव्ही लावूच नका, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याचं काय जातं. त्या वर्षी आमच्या घरात टीव्ही औषधाच्या जागी होता.

आमची एकुलती एक लेक गेवराईला दिलेली. तिचं पहिलं चौथ्या महिन्यात गेलं, दुसरं पाचव्यात. तिसऱ्या वेळी अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि बजावलं, की आता उठायचं नाही, चालायचं नाही, संडास-बाथरूम सोडून पाय खाली टेकवायचा नाही. निदान आठवा महिना पुरा करायचा, नववाही पुरा झाला तर देव पावला. जावयाची कंपनीतली पाळी, तिच्या सासरी बघायला कुणी नाही, म्हणून ती आमच्याकडे आली. बैठकीत टीव्हीसमोर तिची खाट टाकली, पायथ्याला दोन-दोन विटा लावल्या. डोकं खाली, पाय वर, डाव्या कुशीवर. अठ्ठावीस वर्षांची धडधाकट पोरगी दिवसाचे चोवीस तास तशी पडून राहायची. "मन रमवा तिचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आता मन रमवायचं म्हणजे काय, ते कुणी लिहून देत नाही.

मला वाटलं होतं, ती काहीतरी हलकंफुलकं बघेल. कुठलं काय. तिला हवे होते खून. जुने काळेपांढरे रहस्यपट तिनं कुठून कुठून हुडकून काढले. धुकं, घाटातला बंगला, कंदील घेतलेला नोकर, रिकाम्या खोलीत वाजणारा फोन. ते नसलं की भुताचे विनोदी सिनेमे. तेही संपले की जुन्या कौटुंबिक विनोदी मालिका, एकेका भागाला वीस मिनिटं. दिवसा ती एकटी मोबाईलवर काय बघायची ते बघायची, पण संध्याकाळी मी शाळेतून आणि आमचे हे दुकानातून आले, की सगळ्यांनी मिळून मोठ्या टीव्हीवर बघायचं, असा तिचा हट्ट होता. संध्याकाळीच तिला जास्त भ्या वाटायचं. पोट कडक झाल्यासारखं व्हायचं, कंबर भरून यायची. तिला एकटं ठेवायचं नव्हतं. म्हणून दिवे लागले की आम्ही चौघं टीव्हीपुढे, आणि रिमोट आत्याबाईंच्या ताब्यात. त्यांना वाचता येत नाही, तर आवाज बंद करायच्या बटणावर लेकीनंच लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला. वर मलाच म्हणते, "आई, आजीला तेवढं तरी करू दे." घ्या. घरचाच भेदी.

आमच्या ह्यांचं आणखी वेगळं. ह्यांचं खताबियाण्याचं दुकान आहे. माणूस काउंटरला टेकायच्या आत त्याच्या कापसावर कुठली कीड पडली हे सांगून मोकळं व्हायची दिवसभराची सवय. तीच टीव्हीपुढे. सिनेमा सुरू होऊन नावाची पाटी हलत नाही तोवर हे पुढे सरकून म्हणणार, "ह्यो हाय खुनी." मग माळी दिसला की माळी. मग डॉक्टर. मग बाईचा भाऊ. शेवटी ज्याच्या हातात बेड्या पडतील त्याच्याकडे बोट दाखवून, "मी म्हणलो न्हवतो का?"

"म्हणाला होतात. बाकीच्या सहा जणांनाही म्हणाला होतात," मी म्हणायची.

"पण ह्यालाबी म्हणलो होतो ना?"

अशा माणसापुढे हात टेकावेत. तीस वर्षं टेकलेलेच आहेत.

आणि बेड्या पडताना आवाज नाही, हे विसरू नका. जुन्या रहस्यपटांची एक खोड आहे. शेवटी तो हुशार माणूस सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करतो आणि कुणी कुणाला का मारलं ते दहा मिनिटं उलगडून सांगतो. सिनेमाचा सगळा जीव त्या दहा मिनिटांत. पण त्याच्या दर वाक्यात खून नाहीतर मरण. आत्याबाई ठिपका दाबायच्या आणि तो हुशार माणूस माशासारखा नुसतं तोंड हलवत राहायचा. खुनी कोण ते आम्हाला कळायचं, पण त्यानं खून का केला ते कधीच नाही. ते आमचे हे सांगायचे.

"बांधावरून झालं असंल."

"अहो, बंगल्यात राहतात ते. कुठला बांध?"

"मग वाटणीवरून. भाऊ भाऊ हायेत, काय सांगती."

परदेशी सिनेमा असो, बर्फ पडत असो, तिथली बाई मोत्यांची माळ घालून मेलेली असो, आमच्या घरात तिचा खून बांधावरूनच झाला. दुकानात दिवसभर तेच ऐकतात ना. लेक हसायची. पोटाला दोन्ही हात लावून, ओठ दाबून हसायची, कारण मोठ्यानं हसलं की आत्याबाई ओरडायच्या, "हसू नको गं माय, टाका तुटंल." आता हसण्यानं टाका तुटत नाही, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारून आले होते. सांगून उपयोग काय, पालथ्या घड्यावर पाणी.

भुतांच्या सिनेमांना मात्र आत्याबाईंची आडकाठी नव्हती. मी कारण विचारलं. "भूत मेलेलंच असतंय. त्याला वास्तू आता काय तथास्तु म्हणणार?" म्हणजे बघा, डोकं चालत नाही असं नाही. नको तिथं चालतं. त्यामुळे भुताटकीचे विनोदी सिनेमे आम्हाला आवाजासकट बघायला मिळायचे. आवाजासकट, पण आत्याबाईंच्या आवाजासकट. भुताचे पाय सरळ का. हडळ पिंपळावर का, ती तर विहिरीशी असती. भुताला मीठ-मिरची उतरून टाकायची सोडून ही माणसं जिना चढून वर कशाला जातात. "ह्या सिनेमावाल्यांला भुताचं कायबी म्हाईत न्हाई," असा त्यांचा अभिप्राय, आणि माहेरच्या शिवारातली दोन भुतं त्यांच्या जवळजवळ ओळखीची असल्यामुळे त्यावर कुणी बोलायचं नाही.

माझं मत विचाराल तर मला हे सिनेमे मुळीच आवडत नाहीत. भीती वाटायला लागली की भूत नाचायला लागतं, आणि हसू यायला लागलं की कुणाच्या तरी मेलेल्या आईची गोष्ट सुरू होते. धड ना हे, धड ना ते. त्यातलं गाव तर बघवत नाही. एसटी नाही, जीप नाही, मोबाईलचा टॉवर नाही, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बोर्ड नाही. नुसता वड आणि कंदील. माझ्या शाळेच्या गावात असलं भूत आलं तर पोरं आधी त्याच्यासोबत फोटो काढतील. मी असं बोलले की लेक म्हणायची, "आई, तू बघू नको. तू वह्या तपास." मी वह्या घेऊन बसायची आणि मान वर करून बघायची. भूत शेवटी सुटलं की नाही हे कळल्याशिवाय उठवतही नव्हतं, हा आणखी एक वैताग.

विनोदी मालिकांनी तर माझा अंत पाहिला. त्यातलं ते आधीच भरून ठेवलेलं हसू. कुणीतरी दार उघडलं की हसले. चहा सांडला की हसले. आपल्याला हसू आलं की नाही याची चौकशीच नाही. आमचे हे त्या हसण्याची वाट बघायचे आणि मग त्याच्यामागून हसायचे, म्हणजे तोच विनोद मला दोनदा ऐकावा लागायचा. आणि त्यातली माणसं दिवसभर सोफ्यावर. कामाला कधी जातात, स्वयंपाक कधी होतो, काही पत्ता नाही. त्यात दर भागात कुणीतरी म्हणणारच, "आता मी जीव देते." की आत्याबाईंचा अंगठा ठिपक्यावर. विनोद गेला खड्ड्यात. भरलेलं हसूही गेलं, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

एकदा रविवारी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी तिला वेणी घालत होते. मी म्हटलं, "अगं, जरा बरं काही बघावं. पोटात लेकरू आहे, आणि तू दिवसभर मुडदे बघतेस."

ती मग म्हणाली, "त्यात दोन तासांत कळतं तरी आई, काय होणार ते. मला अजून बारा आठवडे कळणार नाही."

माझा हात थांबला. वेणी अर्धी राहिली. मी तिला काही बोलायला हवं होतं. सगळं नीट होईल, असं कुठलीही आई म्हणते. माझ्या तोंडून ते निघत नाही. मला खोटं बोलवत नाही, आणि त्याचा मला ताठाही आहे. दुसऱ्या वेळी ती दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा तिच्या नवऱ्यानं तोंड फिरवलं, ह्यांनी खोकला काढला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी सांगितलं, गेलं. एका शब्दात. नंतर नणंद म्हणाली, "वहिनी, दगडाच्या काळजाची बाई हाय तुमी." मला तेव्हा वाटलं होतं, खरं बोलणं हेच बरोबर. तर त्या दुपारी मी वेणी पुरी केली, रबर लावलं आणि चहा ठेवायला उठले.

तीस आठवडे पुरे होऊन वर दोन दिवस झाले होते. त्या संध्याकाळचं सांगते.

शाळेत दिवसभर ऑनलाइन माहिती भरायचं काम. साइट चालेना, वरून फोन, की आजच पाहिजे. जीप उशिरा मिळाली, त्यात दाटीवाटीनं बसून आले. घरी येते तर चपात्या व्हायच्या, दूध तापवायचं, लेकीच्या पाठीला तेल लावायचं. दिवे लागले होते. टीव्हीवर एक जुना रहस्यपट शेवटाला आलेला. तो हुशार माणूस उठून उभा राहिला आणि आत्याबाईंनी ठिपका दाबला. हे उसळले. "आगं आई, आज तरी ऐकू दे की, दोन तास बसलो मी!" "न्हाई म्हणजे न्हाई." "कावून न्हाई?" आत्याबाई आणि हे, दोघंही हट्टाला पेटलेले. तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, जरा दुखतंय." रोजच म्हणायची. मी पोळपाटावरून ओरडले, "कुठं दुखतंय?" ती म्हणाली, "कळत नाही." ह्यांनी रिमोट ओढला, तो खाली पडला, त्याचे सेल खाटेखाली गेले. "ह्या घरात एक सिनेमा सरळ बघू देत न्हाईत," असं काहीतरी हे बोलले, "कुणाला कशाची अक्कल न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाटणं हातात तसंच घेऊन मी बैठकीच्या दारात आले. "होऊन जाऊ द्या एकदाचं काय व्हायचं ते," मी म्हणाले. "सुटू दे सगळं. मी तरी सुटेन."

मी टीव्हीचं बोलत होते. भांडणाचं, साइटचं, जीपचं, चपात्यांचं बोलत होते. पण बोलून झाल्यावर मला लेकीचा चेहरा दिसला. तिनं पोटावर दोन्ही हात ठेवले होते आणि ती माझ्याकडे बघत होती.

तोवर आत्याबाई खाली वाकून सेल गोळा करत होत्या. त्यांनी ते रिमोटमध्ये घातले आणि टीव्हीचा आवाज असा काही वाढवला, की खिडक्यांच्या काचा वाजल्या. त्या हुशार माणसाचं भाषण अख्ख्या घराला ऐकू आलं, अगदी खून या शब्दासकट. माझ्यावरचा राग टीव्हीवर काढतात, असं मला वाटलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि करपलेली चपाती तव्यावरून काढली. त्या दिवशी कुणाशी एक शब्दही बोलले नाही, लेकीशीसुद्धा नाही.

सकाळी सहाला तिच्या कळा सुरू झाल्या. गल्लीतल्या जीपवाल्याला उठवलं. मागच्या सीटवर ती आत्याबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून, हे पुढे, मी तिचे पाय धरून. केज ते अंबाजोगाई किती वेळा केलंय, पण त्या दिवशी रस्त्यावरचा एकेक गतिरोधक माझ्या काळजावरून गेला. वाटेत उसाचे ट्रॅक्टर. एकामागं दोन ट्रॉल्या, बाजू देईनात. हे खिडकीतून ओरडत होते. माझ्या डोक्यात एकच, मी बोलले. दिवे लागल्यावर बोलले. सुटू दे म्हणाले. विज्ञान शिकवणारी मी, चांगली शिकलेली मी, आणि जीपमध्ये बसून मला वाटत होतं की माझ्या जिभेमुळेच पोरीचं लेकरू सुटायला लागलं. डोकं म्हणत होतं, मूर्ख आहेस. बाकी सगळं अंग ऐकत नव्हतं.

दवाखान्यात तिला आत नेलं. डॉक्टरीणबाई धावत आल्या, टाका कापावा लागेल म्हणाल्या, लेकराच्या फुप्फुसासाठी इंजेक्शन दिलंय म्हणाल्या. दार बंद झालं. हे कागदावर सह्या करायला गेले. बाकावर मी आणि आत्याबाई.

"आत्याबाई," मी म्हटलं, "काल संध्याकाळी मी जे बोलले..."

"काय बोललीस?"

"तुम्ही ऐकलंत."

"मी? मला कायबी ऐकू आलं न्हाई. टीवी लई मोठ्यानं चालू होता." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आन् मला न्हाई आलं तर घराला तरी कसं येईल?"

तीस वर्षं या बाईची बोलणी खाल्ली. भाजीत मीठ कमी, पदर नीट नाही, नोकरीवाली सून म्हणजे घराला कुलूप. तीस वर्षांचा राग माझ्यापाशी जपून ठेवलेला होता, आणि त्या बाकावर तो मला हुडकूनही सापडेना. मी रडले. आत्याबाईंना रडणं आवडत नाही. "पोरीला आत ऐकू जाईल," म्हणाल्या, "उठ, नळावर तोंड धू."

मुलगी झाली. तेराशे ग्रॅम. मला दाखवलीसुद्धा नाही, तशीच वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत नेली. दुसऱ्या दिवशी मला काचेतून बघू दिलं. नळ्या, वायरी, आणि त्यांच्या मध्ये माझ्या तळहाताएवढी पाठ. श्वास घेतला की बरगड्या आत जायच्या. "काय वाटतं?" मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. "आत्ताच काही सांगता येणार नाही," ते म्हणाले. खरं बोलणारा माणूस. मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वरून खाली वॉर्डात आले. लेकीला जिना चढायची परवानगी नव्हती, तिनं अजून आपलं लेकरू नीट पाहिलंही नव्हतं. पलीकडच्या खाटेवर ऊसतोडीच्या फडातून थेट आणलेली एक बाई होती. तिचंही लेकरू वर पेटीत. ती दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली. आत्याबाई खाली सतरंजीवर. वॉर्डातल्या ट्यूबा एकेक करून लागल्या, आणि आत्याबाईंनी ट्यूबलाइटला हात जोडले. त्या कुठंही जोडतात.

लेकीनं माझा हात धरला. "आई, बाकी सगळे मला गोड बोलतात. तू खोटं बोलत नाहीस. खरं सांग. जगेल का?"

मला नळ्या दिसत होत्या. आत जाणाऱ्या बरगड्या दिसत होत्या. काही सांगता येत नाही, हे माझ्या ओठावर आलेलं होतं, तेच खरं होतं. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या मान वर करून लागलेल्या ट्यूबकडे बघत होत्या.

"जगणार," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोल की," खालून आत्याबाई म्हणाल्या. "शाळंत वरडतीस न्हवं?"

मी उभी राहिले. साठ पोरांच्या वर्गाला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातो तो आवाज मी काढला. "जगणार आहे. माझी नात जगणार आहे. धडधाकट होऊन घरी येणार आहे." वॉर्डातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. नर्स दारातून म्हणाली, "मॅडम, हळू, पेशंट आहेत." मी पुन्हा म्हणाले, तेवढ्याच मोठ्यानं. पुढे सव्वीस दिवसांनी आमची पोर पेटीतून निघून घरी आली, पण त्या संध्याकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मला तर मुळीच नाही. लेकीनं डोळे मिटले होते. माझा हात तिनं सोडला नव्हता.

पलीकडची बाई भिंतीकडून वळली. कोपर टेकून कशीबशी उठून बसली.

"बाई," ती मला म्हणाली, "माझ्याबी लेकराचं बोला."

मी विचारलं, मुलगा की मुलगी. मुलगा, म्हणाली. मग मी त्याचंही बोलले.